महादेवला मी ‘अहो’ म्हटलं

चहा आधी हातात घ्या. जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला हसू येईल, आणि हसून झाल्यावर जरा वेळाने वाटेल की आपण का हसलो. माझं गेलं वर्षभर तेच चाललंय. थोडक्यात सांगायचं तर मी एका धडधाकट माणसाला आठ दिवस मरणाच्या दारात बसवून ठेवलं. रागाने नाही, दुष्टपणाने नाही. प्रशिक्षण घेऊन.

हो, प्रशिक्षण. प्रमाणपत्रसुद्धा आहे.

मी काम करतो ती जागा आधी सांगतो. दिघीच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं बारा खाटांचं केंद्र आहे. ज्यांच्या आजारावर आता औषध उरलेलं नाही अशी माणसं आमच्याकडे येतात, बहुतेक कॅन्सरची. त्यांना बरं करणं आमच्या हातात नसतं. दुखू द्यायचं नाही, स्वच्छ ठेवायचं, दोन घास भरवायचे आणि शेवटी कुणीतरी हात धरून बसलेलं असावं, एवढं बघायचं. एवढंच काम. पण ते करणाऱ्या माणसाची काय दशा होते हे बाहेरून कळत नाही.

आणि या जागेचा व्यवस्थापक कोण? तर मी. सव्वीस वर्षं एका केमिकल कारखान्यात शिफ्ट सांभाळलेला माणूस. कारखान्यात मशीनच्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय कुणाला काही ऐकू जात नाही. मला तीच सवय. ‘बादली उचला’ हे वाक्य मी असं म्हणायचो की खाडीवरचे बगळे उडायचे. आणि सगळ्यांना एकच भाषा. नवी मुलगी असो, जुना माणूस असो, कुणाच्या घरी काय घडलेलं असो, माझा आवाज तोच. वर्षभरात दोन आया सोडून गेल्या. मी म्हटलं, आजकाल काम करायला नकोय कुणाला.

आमच्या डॉक्टर मॅडम आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी एक दिवस मला समोर बसवलं. म्हणाल्या, “इथली माणसं रोज मरण बघतात. प्रत्येकाला वेगळं सांभाळावं लागतं. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरी व्यवस्था बघते.”

एवढं ऐकल्यावर काय करणार? पनवेलला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथे गेलो. विषय असा, की प्रमुखाने माणूस बघून आपली पद्धत बदलावी. कुणाला नीट सूचना द्याव्या लागतात, कुणाला मोकळं सोडावं लागतं, कुणाला नुसतं ऐकून घ्यावं लागतं. शिकवणाऱ्या बाई हुशार होत्या. त्यांनी शेवटी एक वाक्य सांगितलं, ते मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. ‘तुम्ही रुग्णाशी ज्या हळुवारपणे बोलता, तसंच कधीतरी आपल्या कर्मचाऱ्याशी बोलून पाहा.’

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं तिथेच बिघडलं.

मी परत आलो तो शनिवार. त्याच दिवशी सकाळी दोन नंबरच्या खाटेवरचे गुरुजी गेले होते. शाळेतून निवृत्त झालेले, जबड्याचा कॅन्सर. तीन महिने आमच्याकडे होते, आणि तीनही महिने त्यांचं सगळं महादेवने केलं होतं.

महादेव म्हणजे आमचा वॉर्डबॉय. बॉय म्हणायचं एवढंच, पन्नाशी ओलांडलेला. माणगावच्या रस्त्याला आतल्या एका गावात घर, थोडी भातशेती, रोज सकाळच्या एसटीने येणार. कामाला वाघ, पण बोलायच्या नावाने शून्य. ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘बरं’, या तीन शब्दांवर त्याचा दिवस निघायचा. गुरुजींना त्याने शेवटची आंघोळ घातली, स्वच्छ धोतर नेसवलं, गाडीत ठेवलं, परत येऊन खाटेची चादर बदलली आणि पाच नंबरला पेज भरवायला बसला. चेहऱ्यावर काहीही नाही.

मी ते बघितलं आणि ठरवलं. हाच तो माणूस, ज्याला ऐकून घ्यायचं असतं.

सोमवारी सकाळी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्या दिवशी टेबलावर पाकिटं पडलेली होती. आठवड्यापूर्वी सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासायला घेतलं होतं, दरवर्षी घेतात तसं. त्याचे कागद आले होते, आणि सगळ्यात वर महादेवच्या नावाचं पाकीट. मी म्हटलं, हे काय कागद द्यायची वेळ आहे का? माणसाचं मन जड झालेलं असताना? त्याच्या देखत ते पाकीट उचललं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर बंद केला.

आता तुम्ही महादेवच्या जागी बसून बघा.

मी एरवी खुर्चीतून उठत नाही. त्या दिवशी उठलो, दार लोटलं, स्टूल ओढून त्याच्या समोर बसलो. त्याच्या डोळ्यांना डोळे भिडतील इतकं खाली. पाण्याचा पेला त्याच्या हाताशी ठेवला. कागदी रुमालांचा डबा जरा पुढे सरकवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला म्हणालो, “महादेवराव, बसा. आरामात बसा. कसे आहात तुम्ही?”

आमच्याकडे एक शिस्त आहे. रुग्ण कितीही गरीब असो, वयाने कितीही लहान असो, त्याला ‘तुम्ही’च म्हणायचं. महादेवसारख्या कामाच्या माणसांशी मात्र अरे-तुरेच. म्हणजे आमच्या केंद्रात एखाद्याचा ‘तू’चा ‘तुम्ही’ झाला, तर त्याचा अर्थ एकच. तो माणूस आता खाटेवरचा झाला. महादेवने गेल्या सहा वर्षांत हे स्टूल, हा पेला, हा डबा आणि हा आवाज शेकडो वेळा बघितला होता. बहुतेक वेळा स्टूल त्यानेच आणून दिलं होतं.

“बरा हाय,” तो म्हणाला.

“मनात काही येतंय का?”

“न्हाय.”

“हे बघा, जे आहे ते आहे. आपल्या कुणाच्या हातात नसतं ते. पण तुम्ही एकटे नाही, आम्ही सगळे आहोत.”

तो ड्रॉवरकडे बघत होता. मला वाटलं, माझ्या नजरेला नजर देता येत नाही बिचाऱ्याला, दुःख दाटून आलंय.

“घरी कोण कोण आहे?”

“बायको. पोरगी दिलीय माणगावात.”

“त्यांच्याशी बोला. मनात काही ठेवू नका. वेळेवर बोलून घ्यावं माणसाने.”

त्याने पेला उचलला, न पिता परत ठेवला. मग म्हणाला, “किती येळ हाय, साहेब?”

मी घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं तो विचारतोय, आपण किती वेळ बोलत बसणार, तिकडे पाच नंबरचं पथ्य द्यायचंय. मी म्हटलं, “घाई अजिबात नाही. पण फार लांबवायलाही नको.”

“बरं.”

“आणि दुखलं तर सांगायचं. लपवायचं नाही.” मी मनाचं दुखणं म्हणत होतो. “सुट्टी हवी तर कधीही घ्या.”

“सुट्टी नको. चालतंय तवर काम करतो.”

केवढी ही निष्ठा, असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले आणि मी डब्यातला एक रुमाल काढून स्वतःच पुसले. म्हणजे संशय उरलाच असेल, तर तोही मी फेडून टाकला.

केबिनच्या दाराला वरती काच आहे. त्या काचेतून हे सगळं दोन बायकांनी बघितलं. एक सुनंदा सिस्टर, आमच्या मुख्य परिचारिका. दुसऱ्या हसीना खाला, ज्या स्वयंपाकघर सांभाळतात. खाला खाडीच्याच काठच्या, घरातले सगळे पुरुष कुवेतला, आणि जीव लावण्यात त्यांच्यासारखं माणूस नाही. दोघींना काही ऐकू आलं नाही. पण ऐकायची गरज काय होती? स्टूल दिसलं, पेला दिसला, साहेब डोळे पुसताना दिसले.

तुम्ही म्हणाल, मग विचारलं का नाही कुणी? नाही विचारलं, कारण आमची माणसं कामात तयार आहेत. रुग्ण स्वतः होऊन विषय काढेपर्यंत त्याच्या आजाराबद्दल आपण बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तो मीच टाइप करून भिंतीवर लावलाय. सगळ्यांनी तो पाळला. इतक्या काटेकोरपणे त्यांनी माझी एकही सूचना त्याआधी पाळली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून केंद्राचं वातावरणच बदललं. महादेवने बादली उचलली की सिस्टर हळूच ती त्याच्या हातातून काढून घेत. खाला त्याच्यासाठी वेगळी मऊ भाताची खिमटी करायला लागल्या, वर तूप घालून. “थोडं खाऊन घे रे भावा, नको म्हणू नकोस,” असं म्हणत समोर बसून खायला लावत. कुणी कुणावर खेकसत नव्हतं. मी हे केबिनमधून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा. एक माणूस नीट हाताळला तर सगळी माणसं कशी सुधारतात. मॅडमना तसा अहवालसुद्धा पाठवला. ‘परस्परांविषयीची आस्था लक्षणीय वाढली आहे.’

आणि महादेव बोलायला लागला.

बुधवारी तो आपणहून केबिनमध्ये आला. न सांगता बसला. म्हणाला, “साहेब, आता तुमाला भिऊन काय करायचंय? एक सांगतो. सकाळी तुमी वरांड्यात ओरडता ना, तवा चार नंबरच्या आजी पांघरूण डोक्यावरनं घेतात. त्यांना वाटतं, त्यांनाच ओरडताय. उगाच खाट अडवून बसल्यात म्हणून.”

मी विचारलं, “आधी का नाही सांगितलं?”

“आधी न्हाय सांगता येत व्हतं,” तो म्हणाला आणि उठून गेला.

मी ते वहीत लिहून घेतलं. ‘कर्मचारी निर्भयपणे मत मांडू लागले.’ काय माणूस आहे मी, सांगा.

पण त्या दुपारी मी चार नंबरच्या आजींकडे गेलो खरा. एवढीशी बाई, हाडांवर कातडं. त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटलं, “आजी, मी सकाळी ओरडतो ते तुम्हाला नाही हां.” त्यांनी पांघरूण जरा खाली केलं. म्हणाल्या, “मंग कुणाला ओरडता?” खरंच, कुणाला? मी त्यांचा हात धरून तसाच बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी त्या गेल्या. तेव्हाही महादेव जवळ होता. मी नव्हतो. मी तेव्हा औषधांच्या यादीवर सह्या करत होतो.

शनिवारी महादेव इतर दोघांना रुग्णाची कूस कशी बदलायची ते शिकवत होता. पाठीखाली हात कुठून घालायचा, चादर कशी खेचायची म्हणजे कातडी सोलत नाही. सहा वर्षांत हातात मुरलेलं सगळं तो दुसऱ्यांच्या हातात देत होता. मला वाटलं, याच्यात नेता जागा होतोय. मी सगळ्यांना जमवलं आणि भाषण केलं. शेवटचं वाक्य मला पाठ आहे. “महादेवराव आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घ्या.”

खाला पदर तोंडाला लावून आत पळाल्या. सिस्टरनी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, भाषण चांगलं झालं.

सोमवारी दुपारी तो पुन्हा आला. या वेळी दारातच उभा राहून म्हणाला, “साहेब, दोन नंबरची खाट रिकामी हाय. ती माझ्यासाठी ठेवाल काय? तिथनं खाडी दिसते.”

आमच्याकडे कुणी कुठल्या खाटेचं करायचं ते ठरलेलं असतं. मी समजलो, गुरुजींच्या जागी जो नवा रुग्ण येईल तो याला आपल्याकडे हवाय. माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, “ती तुमचीच, महादेवराव. दुसऱ्या कुणाला देत नाही.”

“उपकार झाले,” तो म्हणाला. आणि थोडं थांबून, “आंघोळ मातर सिस्टरला घालू देऊ नका. बाई मानूस. मला लाज वाटंल.”

इथे तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाही? नाही पडला. मला वाटलं तो रुग्णाच्या वतीने बोलतोय. रुग्णाशी किती एकरूप झालाय, असं मी मनाशी म्हटलं. हे वहीत लिहिलं नाही, तेवढी देवाची कृपा.

मंगळवारी सकाळी माझ्या केबिनमध्ये एक बाई आली. पंचविशीची, हातात कपड्यांची पिशवी, डोळे रडून सुजलेले. म्हणाली, “मी महादेव तुमच्याकडे आहेत ना, त्यांची मुलगी. माणगावहून आले. आईने सांगितलंय कुणाला विचारू नको, बाबांना आवडणार नाही. पण मला राहवत नाही. साहेब, बाबांना नक्की कुठला झालाय?”

“काय कुठला?”

“कॅन्सर.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिला वाटलं, मी सांगायला कचरतोय. ती म्हणाली, “तुम्ही मोकळेपणाने सांगा. तुम्हीच त्यांना सांगितलंत ना गेल्या सोमवारी? म्हणालात ना, घाई नाही पण फार लांबणारही नाही?”

तुम्हाला कधी असं झालंय का, की मागचे आठ दिवस डोळ्यांसमोरून उलटे जायला लागतात? खाट. आंघोळ. माझं भाषण. खिमटी. घड्याळ. ड्रॉवर. मी ड्रॉवर उघडला. पाकीट तसंच बंद होतं. फोडलं. सगळं व्यवस्थित. शेवटी एक ओळ होती, काविळीच्या लसीचा एक डोस राहिलाय, तो घ्यावा.

मुलीला कागद दाखवला. तिने तो तीनदा वाचला. मग सिस्टरना बोलावलं, त्यांनी वाचला. सिस्टर म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही त्या दिवशी त्याला काय सांगत होतात?”

“गुरुजी गेले त्याबद्दल बोलत होतो. सांत्वन करत होतो.”

सिस्टर खुर्चीवर बसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना ड्युटीवर खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की महादेवला सांगायचं कसं? तो पाच नंबरला आंघोळ घालायला गरम पाणी काढत होता. मी निघालो, तसं सिस्टरनी मला थांबवलं. “साहेब, त्याच्याजवळ जाऊन हळू बोलू नका. तुम्ही म्हणाल की काही झालेलं नाही, आणि त्याला वाटेल आता तुम्ही खोटा धीर देताय. शेवटचे दिवस जवळ आले म्हणून.”

“मग काय करू?”

“ओरडा,” त्या म्हणाल्या. “नेहमीसारखं.”

मी व्हरांड्यात उभा राहिलो आणि ओरडलो. “ए महादेव, लस कोण घेणार रे तुझी? तुझा बाप? सगळे रिपोर्ट चांगले आलेत आणि एक डोस घ्यायला तुला वेळ नाही?”

तो थांबला. बादली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या मुलीकडे. तिने नुसती मान हलवली.

“म्हंजे न्हाय?” तो म्हणाला.

“न्हाय,” मी म्हटलं.

मला वाटलं तो रडेल, हसेल, नाहीतर मला चार शिव्या देईल. शिव्या मी आनंदाने घेतल्या असत्या. तो पायरीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पाणी गार व्हतंय,” आणि बादली उचलून आत गेला.

नंतर सगळ्यांनी मला काय काय ऐकवलं ते सांगत नाही. मॅडमना अहवाल मागे घेत असल्याचं कळवलं. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा त्यांच्या खोकण्याचा आवाज आला. हसू दाबत असाव्यात. मी धरून चाललो होतो की हे एवढ्यावर संपलं. महादेव कामावर येत होता, मला ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘बरं’ म्हणत होता. पण माझ्या मनाला खात होतं. म्हणून रविवारी मी त्याच्या घरी गेलो, रीतसर माफी मागायला.

भातकापणी होऊन गेली होती. अंगणात पेंढा रचलेला. महादेव घरी नव्हता, राहिलेला पेंढा आणायला शेतावर गेला होता. त्याची बायको होती. तिने ओटीवर बसायला दिलं, चहा आणला. मी पेला हातात घेतला आणि म्हटलं, “वहिनी, माझ्याकडून फार मोठी चूक झाली. आठ दिवस तुमच्या घरावर काय गेलं असेल, मी विचारही करू शकत नाही.”

ती उंबऱ्यावर बसली होती. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, “सत्तावीस वर्सं झाली लग्नाला. हा मानूस माझ्याशी त्या आठ दिसांत जेवढा बोलला, तेवढा सत्तावीस वर्सांत बोलला न्हवता.”

मी पेला खाली ठेवला.

“पयला मुलगा झाला व्हता आम्हाला, या पोरीच्या आधी. दीड म्हयन्याचा असताना गेला. त्या दिशी ह्यानीच नेला त्याला, पुरला, आन् संध्याकाळी परत आला तो गप. माझ्यासमोर एक टिपूस काढलं न्हाय. मला इतकी वर्सं वाटायचं, ह्याला काय वाटलंच न्हाय. त्या आठ दिसांत एकदा बसला माझ्याजवळ आन् सांगितलं. म्हणाला, पुरल्यावर दिवसभर तिथंच बसून व्हतो. उठवत न्हवतं. पोराचं नाव काय ठेवायचं ठरवलं व्हतं ते पन सांगितलं. मला म्हायतच न्हवतं त्यानं नाव ठरवलेलं.”

आतून मांजर आलं आणि तिच्या मांडीवर बसलं. तिने ते बाजूला केलं नाही.

“कुठं पुरला ते मला कधी दावलं न्हाय. आमच्याकडं बायका जात न्हाईत. बुधवारी दावतो म्हणाला व्हता. बुधवारी नेतो तुला, आता कुनाला काय वाटायचंय ते वाटू दे, म्हणाला.” ती थांबली. “मंगळवारी तुमी सांगितलंत.”

“मग?”

“मग काय. त्या दिशी घरी आला, जेवला, आन् गप. तवापासनं गपच हाय. मी एकदा इचारलं, बुधवारचं काय? म्हणाला, बघू.”

मी जिवंत माणसाला मरायला टेकवलं म्हणून माफी मागायला गेलो होतो. ते तिने केव्हाच माफ केलं होतं. तिची तक्रार दुसरीच होती. तो जगणार आहे, हे मी एक दिवस आधी सांगितलं.

“दोन दिस थांबला असता तुमी,” ती शेवटी म्हणाली. अगदी साध्या आवाजात. चहात साखर कमी पडली असं सांगावं, तशी.

तेवढ्यात महादेव आला. डोक्यावर पेंढ्याचा भारा, चेहरा दिसत नव्हता. त्याने भारा टाकला, मला बघितलं, गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसलं. मी स्टूल शोधलं नाही, पाणी मागितलं नाही. ओटीवरून उठलो आणि शिफ्टमध्ये हाक मारायचो तशी मारली. “ए महादेव, येत्या बुधवारी तुला सुट्टी. कामावर दिसलास तर बघ. वहिनींना कुठे न्यायचं कबूल केलंयस, तिथे घेऊन जायचं. समजलं?”

त्याने बायकोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

“व्हय, साहेब,” तो म्हणाला.

बुधवारी तो आला नाही. सकाळची एसटी येऊन गेली, फेरीबोट पलीकडून लागली, आणि सिस्टरनी विचारलं, “महादेव कुठे?”

“सुट्टी दिली.”

“त्याने मागितली?”

“नाही. मीच दिली.”

सिस्टर जागच्या जागी थांबल्या. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. खालांनी गॅस बारीक केला आणि हात पुसत बाहेर आल्या. दोघी माझ्यासमोर उभ्या. खालांनी पदर मुठीत धरला. “साहेब,” त्या म्हणाल्या, “आमच्यापासून लपवू नका. या वेळी खरंच काय झालंय का त्याला?”

त्या घटकेला माझ्या डोळ्यांसमोर तो आणि त्याची बायको होती, कुठल्यातरी माळावरून पुढे-मागे चालणारी. त्यामुळे आवाज आपसूक खाली आला. “तो ठणठणीत आहे,” मी म्हणालो.

पण ते मी इतक्या हळू म्हणालो, की दोघींचाही विश्वास बसला नाही.